शिकाऊ उमेदवारीची परीक्षा : एक समीक्षा

१

वाङ्मयीन आणि सामाजिक विचारांच्या त्रैमासिकात एका प्रश्नपत्रिकेची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे उत्तर सरळ आहे. दलित समीक्षेने आरंभापासून प्रत्येक लेखनाला दोन प्रश्न विचारले. हे कोणी लिहिले? आणि कोणाला समोर ठेवून लिहिले? कथाकवितांना आपण हे प्रश्न विचारले, पाठ्यपुस्तकांना विचारले, धर्मग्रंथांना तर विचारलेच. पण ज्या चार पानी कागदावर आपल्या कितीतरी मुलामुलींचे पुढचे आयुष्य ठरते, त्या निवडचाचणीच्या कागदाला आपण हे विचारले नाही. तो कागद आकड्यांचा आणि आकृत्यांचा आहे, म्हणून तो निर्विकार आहे असे आपण धरून चाललो. यंत्राला जात नसते, तेव्हा यंत्राच्या परीक्षेलाही नसणार, असा हा भाबडा तर्क आहे.

मी रूढ अर्थाने समीक्षक नाही. एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा निदेशक म्हणून मी नोकरी केली आणि २०१६ साली निवृत्त झालो. तेव्हापासून जालन्यात एका विहाराच्या सभागृहात संध्याकाळचा वर्ग घेतो. भोकरदन, मंठा, घनसावंगीकडची आयटीआय झालेली मुले येतात. दोनचार मुलीही येतात. शिकाऊ उमेदवार म्हणून लागण्यासाठी कोठे नुसत्या गुणांवर निवड होते, कोठे लेखी चाचणी असते, तर कोठे लेखी, हाताचे काम, गटचर्चा आणि मुलाखत हे सगळे एकाच दिवसात उरकतात. सकाळी नऊला फाटकातून आत गेलेली साठ पोरे संध्याकाळी सहाला बाहेर पडतात, तेव्हा त्यांतल्या दहाजणांची नावे कागदावर असतात. त्या एका दिवसाची तयारी आम्ही वर्षभर करतो.

जालन्याला पूर्वी 'सोने का पालना' म्हणत. १९८१ साली हा वेगळा जिल्हा झाला. आज शहराची ओळख बियाण्यांची आणि लोखंडाची आहे. भंगार भट्टीत वितळते, त्याचे बिलेट होते, बिलेटाची सळई होते आणि ती ट्रकने देशभर जाते. त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. अशा जिल्ह्यात हमाल आणि कारागीर यांच्यामध्ये जो एक दरवाजा आहे, त्याचे नाव शिकाऊ उमेदवारी. म्हणून त्या दरवाजावर कोण उभे आहे आणि आत सोडताना तो काय तपासतो, हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे.

२

हा दरवाजा पूर्वी उघडपणे बंद होता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून दोरा ओढताना त्याला तोंड लावावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकर हाती कसा घेणार? पगार विणकाम खात्यात अधिक होता, आणि नेमका तेथेच विटाळ उभा राहिला. येथे यंत्र आधुनिक होते, भांडवल आधुनिक होते, मजूर संघटनाही आधुनिक होती. विटाळ मात्र जुना होता आणि तो यंत्राच्या आत जाऊन बसला होता.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्या भाषणातील सूत्र आपण सर्वजण सांगतो. परंतु त्याच भाषणात रेल्वेच्या वर्कशॉपचाही तपशील आहे, तो आपण गाळतो. अस्पृश्य माणूस वर्कशॉपमध्ये शिरतो तो हमाल म्हणून आणि राहतो तोही हमाल म्हणूनच. तो मेकॅनिक होत नाही, फोरमन होत नाही, ही त्यांची तक्रार होती. १९४२ च्या अखेरीस व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी जे निवेदन दिले, त्यात शास्त्र व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी असेही सुचवले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली आणि तिच्यावर आपल्या पिढ्या उभ्या राहिल्या. निवेदनातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे काय झाले, हे मात्र आपण फारसे विचारले नाही.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली आला. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात '३ अ' हे कलम घालण्यात आले आणि शिकाऊ जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या. इतर मागासवर्गीयांसाठीचे '३ ब' हे कलम २००७ साली आले. म्हणजे दरवाजावरची 'प्रवेश नाही' ही पाटी कायद्याने उतरवली. तिच्या जागी चाचणी आली. चाचणी वाईटच असते असे मी म्हणत नाही. मशीनवर बोट जाते, जीव जातो. ज्याला माप कळत नाही त्याला यंत्रापाशी उभे करू नये, हे मी निदेशक म्हणून शपथेवर सांगेन. प्रश्न एवढाच की ही चाचणी माप तपासते की आणखी काही?

३

प्रत्यक्ष कागद पाहू. 'यांत्रिक आकलन' या भागात एक आकृती हटकून असते. वर दोन कप्प्या, खाली दोन कप्प्या, दोर, वजन. किती बळ लागेल? चार दोरांवर वजन तोलले आहे, तेव्हा घर्षण सोडले तर वजनाच्या एक चतुर्थांश. घनसावंगीकडचा एक मुलगा हा प्रश्न दर वेळी चुकत असे. तो सुटीत गावोगाव विहिरीतल्या पाणबुड्या मोटारी काढायला जाई. एके दिवशी मी त्याला आकृती बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारले, तिपाई उभी करून चेनपुलीने मोटार काढतोस तेव्हा काय होते? तो म्हणाला, "सर, हातभर साखळी ओढावी तव्हा मोटार बोटभर वर येती. ओढणं लांबतं, पण जोर लागत नाही." कप्प्यांचा सगळा सिद्धांत त्याने एका वाक्यात सांगितला. त्याला यंत्र कळत होते. त्याला चित्र कळत नव्हते. समोरून पाहिलेली, जाडी नसलेली, काळ्या रेषांची ती कप्पी त्याने कधी पाहिली नव्हती, कारण त्याच्या घरात खेळण्याचे यांत्रिक संच नव्हते, विज्ञानाची सचित्र मासिके नव्हती, आणि शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला त्याच्याकडे रंग नसत.

तसेच दंतचाकांचे. तीन चाके एका ओळीत, पहिले उजवीकडे फिरते, तर तिसरे कोणीकडे? रसवंतीच्या चरकावर उन्हाळाभर राबलेल्या पोराला शेजारची दोन चाके उलटी फिरतात हे शिकवावे लागत नाही. तिसरे पुन्हा पहिल्यासारखे फिरणार, हेही तो क्षणात सांगतो. पण कागदावर त्याला पाऊण मिनिट मिळते, आणि त्यातले अर्धे प्रश्नाची भाषा समजण्यात जाते. भाषांतरित मराठी इतकी अवघड असते की मुले इंग्रजी वाचून मराठीचा अर्थ लावतात.

म्हणून मी म्हणतो की या कागदाला एक गृहीत वाचक आहे. तो शहरात वाढलेला आहे, त्याच्या घरी कोणीतरी आकृत्या काढणारे आहे, घड्याळ लावून बसण्याची त्याला सवय आहे. कागद त्याच्याशी बोलतो. आपला मुलगा ते बोलणे भिंतीपलीकडून ऐकतो आणि उत्तर देतो.

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीवरून नाव घेतले, आणि काळ्यांच्या साहित्याशी आपण नाते सांगत आलो. त्या लढ्यातील एक न्यायालयीन प्रकरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचे डॅन नदीवर वीजकेंद्र होते. तेथे काळ्यांना फक्त मजूर खात्यात घेत. त्या खात्यातला सर्वांत वरचा पगार इतर खात्यांतल्या सर्वांत खालच्या पगाराहूनही कमी होता. १९६५ च्या जुलैत नोकरीतला वर्णभेद बेकायदा ठरला. ज्या दिवशी तो कायदा लागू झाला त्याच दिवशी कंपनीने वरच्या खात्यांसाठी शालान्त शिक्षणाबरोबर दोन चाचण्या लागू केल्या. त्यांतली एक यांत्रिक आकलनाची होती, आपल्या पोरांपुढे येते त्याच जातीची. ग्रिग्ज या काळ्या कामगाराने सहकाऱ्यांसह दावा लावला. १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, हेतू कोणताही असो, जी चाचणी एका समूहाला अधिक प्रमाणात बाहेर ठेवते तिचा त्या कामाशी संबंध असल्याचे मालकाने दाखवले पाहिजे. ती चाचणी न देता पूर्वी लागलेले गोरे कामगार ते काम व्यवस्थित करीतच होते. निकालपत्रात कोल्हा आणि करकोच्याच्या गोष्टीचा आधार घेतला आहे. दोघांपुढे दूध ठेवले, पण भांडे कोणाच्या तोंडाजोगे आहे? आपल्याकडे ही गोष्ट तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असते. निवडसमितीला ती आठवत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग चाचणी काढून टाका, गुणांवर घ्या. रेल्वेच्या वर्कशॉपांत शिकाऊ उमेदवार दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर निवडतात. पण ऊसतोडीच्या फडावरून फेब्रुवारीत परत येऊन मार्चमध्ये दहावी देणाऱ्या मुलाचे गुण तरी कोणते भांडे आहे? भांडे बदलले म्हणजे चोच बदलत नाही.

४

दुपारनंतर गटचर्चा असते. आठजण वर्तुळात बसतात, विषय दिला जातो आणि कोपऱ्यात बसलेला अधिकारी 'पुढाकार' या रकान्यात खुणा करतो. दुसऱ्याचे बोलणे तोडून बोलणाऱ्याला खूण मिळते. आमची मुले गप्प बसतात. वडीलधारा बोलत असताना मध्ये बोलू नये, हे त्यांना घरात शिकवले गेले. मालक बोलत असताना तर अजिबात बोलू नये, हे गावाने शिकवले. लेथवर काम करताना सारखा बोलणारा माणूस बोट गमावतो, हे मी तीस वर्षे पाहिले. तेव्हा फिटर निवडताना बडबडीला गुण का, हे मला उमगलेले नाही.

मग मुलाखत. येथे मला माझ्याविषयी लिहिले पाहिजे.

१९७९ साली मी एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारीच्या मुलाखतीला गेलो. मराठवाड्यात आदल्या वर्षीच नामांतराच्या ठरावानंतर आमची घरे जळली होती. माझी लेखी चाचणी चांगली गेली होती. कानस चालवून दिलेला तुकडा चौकोनी निघाला होता, गुण्या लावला तर उजेड दिसत नव्हता. समोरच्या गृहस्थांनी तो तुकडा हातात फिरवत विचारले, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "शेती." माझा बाप मेलेली जनावरे ओढत होता. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परगावी जात न सांगता खोली घेतो आणि ती उघड होताच मार खातो. कथासंग्रह १९६३ चा आहे. मी तो आयटीआयच्या वसतिगृहात वाचला होता. मी जात चोरली नाही, ती माझ्या दाखल्यावरच होती. मी बापाचे काम चोरले. मला कोणी मारले नाही. मला घेतले.

यानंतरची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. निवृत्तीनंतर वर्ग सुरू केला तेव्हा सरावाच्या मुलाखतीत मी मुलांना हेच शिकवू लागलो. वडील काय करतात? शेती. आई? गृहिणी. मी याला 'तयारी' म्हणत होतो. काही वर्षांपूर्वी वेल्डरचा व्यवसाय केलेली एक मुलगी वर्गात होती. मी प्रश्न विचारला. ती काही बोलेना. मग म्हणाली, "सर, माझी आई भंगार वेचते. त्याच भंगाराची इथल्या भट्टीत सळई होते. मी असंच सांगू का? आई घरी बसून असते हे मला सांगवत नाही." वर्ग माझ्याकडे पाहत होता. मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने मी एवढेच म्हणालो, "सांग."

तिने मुलाखतीत तेच सांगितले. तिला त्या ठिकाणी घेतले नाही. का घेतले नाही ते कळवण्यात आले नाही. लेखी चाचणीत किती गुण पडले, जोडकामात किती, मुलाखतीत किती, हेही कळवण्यात आले नाही. तिच्या उत्तरामुळे तिला नाकारले असे मी म्हणणार नाही, कारण माझ्याजवळ पुरावा नाही. पण पुरावा उमेदवाराच्या हाती लागूच नये अशी जी पद्धत असते, तिला निःपक्षपाती म्हणायला मी तयार नाही. पुढे ती दुसरीकडे लागली. मी मात्र त्या दिवसापासून वर्गात 'शेती' शिकवणे बंद केले.

५

आता आपल्या घरातले. प्रस्थापितांवर टीका करताना आत्मपरीक्षण टाळणे सोयीचे असते.

एक : आपल्या साहित्यात शाळा आहे, वसतिगृह आहे, भूक आहे, कचेरी आहे, मोर्चा आहे. वर्कशॉप फार थोडे आहे. बागुलांच्या त्या कथेतही घाव पडतो तो घरात आणि वस्तीत. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) लातूरची सूतगिरणी येते, म्हणून ते पुस्तक मला जवळचे वाटते. परंतु कानस, व्हर्निअर, तेलाचा वास, पहिल्यांदा जुळलेला सांधा, मापात बसलेला तुकडा पाहून होणारा आनंद, हे आपल्या लेखनात किती आहे? ज्या समाजाचे हात सर्वांत जास्त राबले, त्याच्या साहित्यात हाताच्या कौशल्याचा अभिमान इतका थोडा का? जातीने हाताचे काम हलके ठरवले आणि नकळत आपणही ते हलके मानले, असे तर झाले नाही?

दोन : दर वर्षी आपल्या वस्त्यांत गुणगौरव समारंभ होतात. स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला शाल मिळते, डॉक्टर-इंजिनिअरला मिळते. शिकाऊ उमेदवार म्हणून निवडलेल्या वेल्डर मुलीला शाल दिलेली मी अजून पाहिली नाही. शिक्षणाचे ध्येय खुर्ची हे समीकरण आपल्या मध्यमवर्गाने पक्के केले आणि खुर्च्या मोजक्याच असतात.

तीन : आमच्यासारखे वर्गही दोषी आहेत. आम्ही क्लृप्त्या शिकवतो. मागच्या पाच वर्षांचे कागद सोडवून घेतो. व्हर्निअरचे लघुतम माप ०.०२ मि.मी. हे पाठ करून घेतो. पन्नास भागांत एकोणपन्नास मिलिमीटर बसवले म्हणून ते तेवढे येते, हे समजावण्याइतका वेळ घेत नाही. चाचणीचा गृहीत वाचक आम्ही बदलत नाही, आपल्या मुलांना घासूनपुसून त्याच्यासारखे करतो.

चार, आणि हे सर्वांत गंभीर : आम्ही दरवाजापर्यंतची तयारी करतो, दरवाजापलीकडची करीत नाही. कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा 'कामगार' नव्हे. २२ व्या कलमाप्रमाणे शिकवणी संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही; २०१४ च्या दुरुस्तीने याबाबतचे धोरण मालकानेच ठरवायचे आहे. वाळूजला एक वर्ष, मग पुण्याकडे एक वर्ष, मग पुन्हा घरी, अशी मुले माझ्या माहितीत आहेत. हातात प्रमाणपत्र असते आणि वय वाढलेले असते. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की इतर बाबी समान असतील तर उमेदवारी पूर्ण केलेल्याला थेट भरतीतल्या माणसापेक्षा प्राधान्य द्यावे, आणि वयाच्या अटीत त्याला सवलत मिळावी. हा निर्णय माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नव्हता. खरे सांगायचे तर २०१७ सालापर्यंत तो मलाही माहीत नव्हता.

६

तेव्हा करायचे काय? नकार हे आपल्या साहित्याचे मूल्य आहे, पण चाचणीला नुसता नकार देऊन दरवाजा उघडत नाही, तो दुसऱ्यासाठी मोकळा होतो. चाचणी द्यायची, तिच्यात पहिले यायचे आणि बाहेर येऊन तिची समीक्षाही करायची, ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतील.

आमच्या वर्गात आता हा क्रम आहे. आकृती शिकवण्याआधी वस्तू हाती देतो. चेनपुली, चरकाची दंतचाके, सायकलची साखळी आणतो. वस्तू समोरून, वरून, बाजूने पाहून प्रत्येकाने स्वतः चित्र काढायचे. मग छापील आकृती. घड्याळ शेवटच्या दोन महिन्यांत लावतो. गटचर्चेसाठी दर शनिवारी मुले बाबासाहेबांच्या एका भाषणावर बोलतात, आणि बोलणाऱ्याइतकेच गुण नीट ऐकून उत्तर देणाऱ्याला असतात. मुलाखतीत आईवडिलांचे काम जसे असेल तसे सांगायचे. आणि शेवटचा आठवडा कायद्याचा : करारपत्र वाचायचे, त्याची नोंदणी झाली का पाहायचे, विद्यावेतन किती ते तपासायचे, '३ अ' खाली जागा किती होत्या आणि किती भरल्या हे माहितीच्या अधिकारात विचारायचे.

कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की मोर्चाच्या मागण्यांत आणखी दोन मागण्या घालाव्यात. प्रत्येक उमेदवाराला त्याचे सर्व टप्प्यांतले गुण लेखी मिळावेत. आणि चाचणीतला प्रत्येक भाग कोणत्या कामासाठी आहे हे जाहिरातीतच सांगितले जावे. शिक्षकांना विनंती आहे की आपल्या गावातल्या चाचण्यांचे कागद जपून ठेवावेत; दहा गावांचे कागद एकत्र आले तर आज मी अनुभवाने म्हणतो ते आकड्यांनी मांडता येईल. विद्यार्थ्यांना विनंती आहे की त्यांनी लिहावे. निवडीच्या दिवशी फाटकाबाहेर नाव पुकारण्याची वाट पाहत उभे असताना काय वाटते, हे आपल्या साहित्यात अजून पुरेसे आलेले नाही. त्या वेल्डर मुलीला मी दोनदा लिहायला सांगितले आहे. ती म्हणते, "सर, पाळी रात्रीची असते, झोप पुरत नाही." मी तिसऱ्यांदा सांगणार आहे.